पाद्र्याच्या बंगल्याचं दुसरं दार

परवा अंबाजोगाईहून चार शिकलेली माणसं पाद्र्याचा बंगला बघायला आली होती. फोटो काढले, फरशीवर हात फिरवला, खांब ठोकून बघितले. मग पूर्वेच्या गल्लीत आली, विटांनी बुजवलेल्या कमानीपुढं उभी राहिली अन् वरची पाटी मोठ्यानं वाचली. 'येथील भेदाभेदाचे दार कायमचे बंद केले.' त्यातला एकजण म्हणतो, "काय पुढारलेले लोक होते हो त्या काळी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानातून उठून मी म्हणाले, अहो, जरा बसा, मी सांगते किती पुढारलेले होते ते. तर त्यांना म्हणे एसटी गाठायची होती. गेले निघून. आता तुम्ही आलाच आहात तर तुम्ही ऐका.

मी गंगासागर. आमचं किराणा दुकान बंगल्याच्या पूर्वेच्या गल्लीत, त्या बुजवलेल्या दाराच्या अगदी समोर. लग्न होऊन आले तेव्हापासून गल्ल्यावर बसते. त्यामुळं त्या दारातून कोण आत गेलं अन् कोण बाहेर आलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पाद्र्याच्या काळचं तेवढं ऐकीव, बाकीचं नाही.

बंगला निजामाच्या काळातला, मिशनच्या पाद्र्यानं बांधलेला. काळ्या दगडाच्या भिंती, एवढ्या जाड की उन्हाळ्यात आत शिरलं की अंगावरचा घाम वाळायचा. वर मंगलोरी कौलं, छताखाली लांबट झरोके, खाली शहाबादी फरशी. समोरून बाजूपर्यंत सागवानी खांबांचा वरांडा. मधोमध मोठं दार, ते पाद्र्याच्या घरचं. अन् पूर्वेच्या अंगाला दुसरं दार, ते सरळ पाद्र्याच्या लिहायच्या खोलीत उघडायचं. आता नीट ऐका, सगळी गोम इथंच आहे. दोन्ही दारांना पायऱ्या सारख्याच. दगड एकाच खाणीतला. उलट पूर्वेच्या दाराची कमान जास्त नाजूक घडवलेली. त्या दाराच्या अलीकडं वरांड्यात एक आडभिंत, म्हणजे मधल्या दाराशी बसलेल्याला पूर्वेच्या दारात कोण आलं ते दिसू नये. अन् त्या खोलीतून दिवाणखान्यात जायला जे आतलं दार होतं, त्याची कडी खोलीच्या बाजूनं. दिवाणखान्याच्या बाजूनं कडीच नाही.

हे असं कावून? आमचे मामंजी, मल्लिकार्जुनअप्पा, माझे सासरे, ते सांगायचे. पाद्री म्हणायचा, ज्याला दुःख सांगायचंय त्यानं माझ्या बैठकीतल्या पाहुण्यांपुढनं मान खाली घालून कावून यावं? सरळ यावं, बोलावं, सरळ जावं. मामंजींच्या घरात क्षय शिरला होता तेव्हा ते स्वतः त्या दारानं गेले होते, गळ्यात इष्टलिंग घालून. कुणाच्या घरी क्षय, कुणाची लेक माहेरी टाकलेली, कुणाचा भाऊ दारूनं बरबाद. वरच्या आळीतले गेले, खालच्या आळीतले गेले. गावानं आपली अब्रू त्या दारात झाकून घेतली.

मग पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेली, पाद्री गेला, त्याच्या मडमेची शाळा बंद पडली, बंगला ओस पडला. अन् ज्या दारात अब्रू झाकली ते दार लक्षात कोण ठेवतं? कुणाला कबूल करायचं होतं की आपला बाप तिथं गेला होता? सगळ्यांनी ठरवून टाकलं की तिथं फक्त खालच्या आळीतले जायचे. दाराला नाव पडलं 'खालचं दार'. सांगा बरं, ते खाली कुठून झालं? पायऱ्या सारख्या, उंबरा सारखा. आडभिंतीचा अर्थसुद्धा यांनी लावला की पाद्र्यानं विटाळ दिसू नये म्हणून ती बांधली. जो माणूस गावाची लाज राखायला भिंत घालतो, त्याच्याच माथी यांनी आपला विटाळ मारला. याला काय म्हणावं?

पुढं बंगला घेतला सहकारी खरेदी-विक्री संघानं. चेअरमन बद्रीनाथअण्णा. माणूस बोलायला गोड, खादीची टोपी, भाषणात 'सहकार' शब्द आला की डोळे मिटायचा. दिवाणखान्यात त्याची गादी-तक्क्याची बैठक. पाद्र्याच्या खोलीत बियाण्याची पोती अन् वजनकाटा. सभासद सगळे सारखे, कागदावर. पण वरच्या आळीनं मधल्या दारानं जायचं, चिठ्ठी घ्यायची अन् माल बाहेर मागवायचा. खालच्या आळीतल्या बौद्ध सभासदांनी पूर्वेच्या दाराशी उन्हात थांबायचं, दार उघडेल तेव्हा उघडेल. ते लोक छप्पन्न सालीच बौद्ध झाले होते. धर्म बदलला, गावानं दार तेच ठेवलं.

आता जाईबाई. तिचा बाप पाद्र्याची बाग बघायचा, म्हणून ती बंगल्याच्या आवारातच वाढली अन् मडमेच्या शाळेत चार इयत्ता शिकली. उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची, त्यामुळं निम्म्या गावाला ती उद्धट वाटायची. नवरा लवकर गेला. बाहत्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी माझ्याकडं मीठ-मिरची न्यायला आली की हाताच्या फोडांवर तेल मागायची. मी द्यायची. ती फुकट घ्यायची नाही, माझं दळण निवडून द्यायची. अशी आमची ओळख.

संघाच्या मंडळावर खालच्या आळीची एक जागा राखीव होती. तिच्यावर बन्सी नावाचा गरीब माणूस होता. तो वरांड्याच्या पायरीवर बसायचा, अंगठा उठवायचा, घरी जायचा. त्या दुष्काळात बन्सी पुण्याकडं पोटाला निघून गेला. बद्रीनाथअण्णानं विचार केला, बाई माणूस बसवू, तिला पायरीवर सुद्धा बसायला नको, सही घरूनच आणू. अन् जाईबाईचं नाव घातलं. अण्णाला माणसाची पारख म्हणतात ती ही अशी.

पहिल्याच मीटिंगला जाईबाई धुतलेलं पांढरं पातळ नेसून आली. मधल्या दारात बिभीषण शिपाई. तो म्हणाला, "बाई, तुमचं दार तिकडं हाय."

मला वाटलं आता ही भांडणार. मी तर काटा सोडून बाहेर आले होते. पण जाईबाई म्हणाली, "बरं," अन् वळून पूर्वेच्या दाराला आली. बिभीषणानं आतून दार उघडलं. ती पोत्यांमधनं वाट काढून आत गेली, काट्याजवळ एक पोतं सरकवून बसली अन् आतल्या दारातून दिवाणखान्यातल्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चेरमनसाब, माजं दार हेच म्हनता तर हेच. मी हितंच बसते. पन दार रोज उगडं राहील, सकाळधरनं. आन मी संचालक हाय, तर या खोलीतलं देणं-घेणं माज्यापुढं हुईल."

दिवाणखान्यात हशा झाला. अण्णा म्हणाला, बसू द्या. त्यांना वाटलं, बरं झालं, बला बाहेरच्या बाहेर टळली. शहाण्यांनो, सगळं बियाणं त्या खोलीत. काटा त्या खोलीत. आतल्या दाराची कडी त्या खोलीच्या बाजूनं. विटाळ नको म्हणून तुम्ही तिला नेमकं भांडाराच्या तोंडावर नेऊन बसवलं. आमच्या गावाशिवाय ही चूक दुसरीकडं होणं नाही.

तेव्हापासून बंगला पुन्हा पाद्र्यानं बांधला तसा चालायला लागला. माणूस सरळ यायचा, जाईबाईपुढं बसायचा, आपली गरज सांगायचा, माप घ्यायचा, अंगठा द्यायचा, जायचा. आत कुणी बाई बोलत असली की जाईबाई आतल्या दाराला कडी घालायची. एकदा अण्णालाच कसलं तरी पोतं हवं होतं, तो दिवाणखान्यातून दार ठोठावत बसला. स्वतःच्या हापिसात दार ठोठावतोय चेअरमन. जाईबाई आतून म्हणाली, "जरा दम खावा, माणूस बोलतंय." मी पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू.

दुष्काळ असा होता की लोकांनी बियाण्याची ज्वारी सुद्धा खाऊन टाकली होती. रेशनच्या लाल मिलो ज्वारीवर अन् सरकारी सुकडीवर दिवस काढले. पेरणी तोंडावर आली तेव्हा बी कुणाच्याच घरात नव्हतं, आडतीत नव्हतं, फक्त संघात होतं. अन् नियम असा की सभासदानं स्वतः यायचं, स्वतः अंगठा द्यायचा. मधल्या दाराशी चिठ्ठीवाल्यांची झुंबड, तिथं अण्णाच्या मर्जीतल्यांना आधी. जाईबाईनं तिच्या दाराशी साधा रिवाज ठेवला: थोड्या रानवाल्याला आधी, मोठ्याला नंतर.

अन् एका दुपारी तिथं कोण आलं असेल? भामाबाई. बद्रीनाथअण्णाची थोरली भावजय. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं. त्या घराण्यात रीत अशी कडक की विधवा बाईनं दिरासमोर अन् पुरुषांच्या बैठकीत पाय ठेवायचा नाही. दिवाणखान्यात तर गावचे सगळे पुरुष अन् मधोमध दीर. तिच्या नवऱ्याच्या वाट्याचं रान तिच्या नावावर होतं, सभासदकी तिच्या नावावर होती, एक सालदार होता, बैल होते. नव्हतं फक्त बी. अन् दिराच्या मनात काय होतं ते गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल. रान पडीक पडावं अन् आपोआप आपल्यात यावं.

भामाबाई पदर नाकापर्यंत ओढून खालच्या आळीच्या बायांमागं रांगेत उभी राहिली. कुणीतरी तिला पुढं जागा द्यायला लागलं. तिनं मान हलवली. नंबर आला तशी आत गेली. जाईबाईनं आतल्या दाराला कडी घातली. पलीकडं, भिंतीला पाठ लावून, तिचा दीर सहकारावर बोलत होता. भामाबाई पाठुंगळीला बियाण्याची पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला दिसला. रडून हलका झालेला चेहरा असतो ना, तसा. त्या वर्षी तिचं रान पेरलं गेलं.

आता असली गोष्ट गावात लपते का? अण्णाच्या कानावर गेली. त्यानं भावजयीला काही म्हटलं नाही. जाईबाईलाही नाही. तो गोड माणूस. त्यानं काय केलं, पोळ्याच्या आसपास सभा घेऊन ठराव केला की संघाच्या वास्तूत भेदाभेदाचं दार ठेवणं हा कलंक आहे, सबब ते बुजवावं अन् सर्व सभासदांनी एकाच दारानं यावं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दाराला खालचं कुणी केलं? तुम्ही. उन्हात कुणी उभं केलं? तुम्ही. अन् आता तेच दार चांगल्या कामाला आलं तर कलंक.

समारंभ ठेवला. मांडव, लाऊडस्पीकर, जिल्ह्याचे पाहुणे, खाली अण्णाचं नाव कोरलेली संगमरवरी पाटी. पहिली वीट जाईबाईच्या हातानं लावायची ठरली, बघा केवढी युक्ती. खालच्या आळीतल्या तरण्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या दाराशी आपल्या बापांना ताटकळत उभं राहिलेलं त्यांनी लहानपणापासून बघितलं होतं. त्यांना ते दार नकोच होतं.

जाईबाईच्या गळ्यात हार घातला, हातात वीट दिली. तिनं वीट उलटी-सुलटी करून बघितली, खाली ठेवली अन् उंबऱ्यावर बसली. पाहुणे म्हणाले, "काय झालं बाई?"

ती म्हणाली, "साहेब, दारानं कुणाचं काय वाईट केलं न्हाई. नाव ठिवणारी माणसं वाईट होती. ती बसलीत की तुमच्या शेजारी. दार बुजवून ती कशी सुदरतील? मला मधल्या दारानं जायचं आसंल तर मी आजच जाते, कायदा माज्या बाजूनं हाय. पन हे दार उगडं राहू द्या. ज्याला चारचौघांतनं जाता येत न्हाई त्यानं कुठनं यावं?"

तिच्याच आळीतला एक पोरगा ओरडला, "मावशे, उठ, इज्जतीचा सवाल हाय." त्याच्याकडं तिनं जे बघितलं, ते मला अजून सोसवत नाही. ती उठली नाही. मांडवात लोक चुळबुळले, पाहुण्यांना मांजरसुंब्याला दुसरा कार्यक्रम होता, ते नारळ घेऊन गेले. गवंड्यानं कालवलेलं सिमेंट घमेल्यातच वाळलं.

जाईबाई त्यानंतर रोज येऊन बसत होती. मग तिची लेक अंबाजोगाईला दवाखान्यात बाळंतपणाला गेली, अडलेली होती, आईनं जायलाच पाहिजे होतं. जाताना माझ्याकडं आली, म्हणाली, "अक्का, लक्ष असू द्या." मी काय लक्ष देणार? ती गाडीत बसली अन् दुपारपर्यंत गवंडी आला. मी आडवी गेले. गवंडी म्हणाला, "ताई, मी रोजंदारीचा माणूस, चेरमनला बोला." चेअरमन म्हणाला, "वहिनी, ठराव झालाय, सहकारात ठरावाला मान द्यावा लागतो." संध्याकाळपर्यंत त्या घडीव कमानीत लाल विटा चढल्या, वर ती पाटी बसली. दगड काळा अन् विटा भडक लाल. बांधकाम सुद्धा यांना नीट करता आलं नाही. आत काटा हलवून मागच्या पडवीत नेला, तिथं जायला वाट दिवाणखान्यातूनच. आतल्या दाराची कडी काढून टाकली.

जाईबाई परत आली, नातू झाल्याचे पेढे घेऊन. कमान बघितली. माझ्या ओट्यावर बसली अन् पेढ्याचा पुडा मांडीवर तसाच धरून ठेवला. मी म्हणाले, जाईबाई, भांडू आपण, मी येते तुमच्यासोबत. ती म्हणाली, "कुणासंगं भांडू अक्का? दार बुजलं म्हनून आमच्या आळीत साखर वाटली काल."

रब्बीची पेरणी आली. संघात मालदांडी ज्वारीचं बी आलं. आता सगळे मधल्या दारानं. कागदावर केवढी समानता. बिभीषण स्टुलावर बसून, "अण्णा मीटिंगमदी हायत, चिठ्ठी द्या," म्हणायचा. खालच्या आळीतले मधल्या दारानं गेले हे खरं, छाती पुढं काढून गेले, मला बरं वाटलं. बी त्यांना शेवटी मिळायचं ते मिळालं, उरलंसुरलं.

अन् भामाबाई आली. मागच्यासारखी पूर्वेच्या गल्लीत आली, हातात रिकामी पिशवी, पदर ओढलेला. विटा बघून जागीच थांबली. जाईबाई माझ्या ओट्यावरच होती. ती उठून तिच्याकडं गेली.

भामाबाई म्हणाली, "आता मी कुठनं जाऊ?"

मी म्हणाले, मी जाते वहिनी, मी आणते. पण मी सभासद नाही, अन् अंगठा तिचाच लागणार. सालदार चालणार नाही. जाईबाईनं तिचा हात धरला. एका बौद्ध बाईनं त्या घराण्यातल्या विधवेचा हात भर बाजारात धरला, अन् भामाबाईनं धरू दिला. दोघी वळसा घालून समोर गेल्या. मी दुकान तसंच टाकून मागं गेले. बिभीषण उठून उभा राहिला, त्याला काय करावं कळेना. दार सताड उघडं होतं. आत बैठक भरलेली, मधोमध अण्णा. त्यानं भावजयीला बघितलं अन् तो हसला. रागावला असता तरी चाललं असतं. हसून म्हणाला, "या वहिनी, या. आता एकच दार हाय, लाजायचं काय कारन?" सगळे पुरुष वळून बघायला लागले.

भामाबाईचा पाय पायरीवर होता. जाईबाई म्हणाली, "चला, मी हाय." भामाबाईनं हात सोडवून घेतला. हळूच सोडवला, रागानं नाही. पदर आणखी खाली ओढला अन् रिकामी पिशवी घडी घालत परत गेली. जाईबाई पायरीवर एकटी राहिली.

भामाबाईचं रान त्या रब्बीला पडीक राहिलं. पुढच्या पावसाळ्यात अण्णानं, पडीक कशाला ठेवायचं, घरचंच आहे, म्हणून त्यात आपले बैल घातले. आजही ते त्याच्या नातवांकडं आहे. भामाबाई दिराच्या घरी भाकरी थापत मेली. जिच्या रानाला बी मिळू नये म्हणून दार बुजवलं तिच्या नावाची पाटी नाही, बुजवणाऱ्याच्या नावाची आहे.

जाईबाईनं त्याच आठवड्यात संचालकपद सोडलं. नंतर बरीच वर्षं जगली. नातू मास्तर झाला, दिंद्रुडला नोकरीला लागला. माझ्या ओट्यावर ती येऊन बसायची, पण तोंड रस्त्याकडं करून, बंगल्याकडं पाठ. मी एकदा चिडून विचारलं, जाईबाई, भामाबाई वळली ती वळली, तुम्ही कावून पद सोडलं? तुम्ही तर आत जाऊ शकत होता. तुम्हाला कुणाच्या बापाला अडवता आलं नसतं.

ती म्हणाली, "तेच की अक्का. मला मधलं दार होतं. त्या बाईला पूर्वेचं एकच होतं, आन ते माज्या नावानं बुजवलं."